मशीनसमोर हात चालले नाहीत, तीच पोरगी पुढे कारखान्याची मालकीण झाली; धंद्याची भीती कुठून येते अन् ती कागदावर कशी मांडायची?

"माह्याच्यानं होईन का?" आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात संध्याकाळी पारावर बसा, हा प्रश्न कानावर येतोच. कोणी पोलीस भरतीत दोनदा धावून आलेला असतो, कोणी बी.ए. करून घरी बसलेली असते, कोणाच्या घरी तीन एकर कोरडवाहू आणि खाणारी तोंडं सहा. डोक्यात काहीतरी धंदा घोळत असतो. दाल मिल टाकू, मसाला करू, शिवणकाम वाढवू, गोट फार्म करू. पण तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते हेच. अन् शेजारी बसलेला लगेच म्हणतो, "काहाले झंझट करतं, पुन्या-मुंबईले जाय."

मोबाईलवर याचं उत्तर देणारे व्हिडिओ रोज येतात. स्वतःवर विश्वास ठेवा, मोठी स्वप्नं पाहा, असं सगळं. ऐकताना छाती फुगते, सकाळी उठल्यावर खिसा तोच अन् भीतीही तीच. म्हणून आज हा विषय जरा वेगळ्या बाजूनं पाहू. आधी आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईची खरी गोष्ट, मग आपला हिशेब.

कल्पना सरोज हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. अकोला जिल्ह्यातलं रोपरखेडा हे त्यांचं गाव. जन्म १९६१ चा. दलित कुटुंब, वडील पोलीस खात्यात शिपाई. शाळेत हुशार पोरगी, पण बाराव्या वर्षी लग्न लावून दिलं आणि सासर मुंबईच्या झोपडपट्टीत. तिथं मारहाण, उपासमार. काही महिन्यांनी वडील भेटायला गेले, पोरीची दशा पाहिली अन् तिला घेऊन गावी परत आले. त्या काळात, त्या समाजात एका बापानं एवढं करणं ही लहान गोष्ट नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला पहिला धाडसी माणूस तो आहे.

पण गाव गप्प बसत नाही. नवऱ्याला सोडून आलेली पोरगी म्हणून टोमणे सुरू झाले. पोलिसात, नर्सिंगमध्ये लागावं म्हणून खटपट केली, पण शिक्षण अपुरं पडलं. शेवटी त्या मुलीनं विष घेतलं. वेळेवर दवाखाना मिळाला म्हणून वाचली. (आपल्या भागात ही गोष्ट परकी नाही. कोणाच्या मनात असे विचार येत असतील तर १४४१६ हा टेली मानस चा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

सोळाव्या वर्षी ती पुन्हा मुंबईला गेली, नातेवाइकांकडं राहून काम शोधायला. होजिअरीच्या कारखान्यात नेलं. शिवणकाम तिला येत होतं. पण मशीनवर बसवलं तर भीतीनं हातच चालेनात. ही गोष्ट कल्पनाताईंनी स्वतः मुलाखतींत सांगितली आहे. मग तिला धागे कापायच्या कामाला लावलं. रोज दोन रुपये.

इथं थोडं थांबा. काम येत होतं, तरी हात चालले नाहीत. म्हणजे अडचण हुशारीची नव्हती. चार लोक पाहत आहेत, चुकलं तर हसतील, हाकलून देतील, ही ती भीती. मग तिनं काय केलं? जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की रिकाम्या मशीनवर बसून चालवून पाहायची. कोणी पाहत नसताना. काही दिवसांत हात बसला अन् मग मशीनवरचं काम अन् वाढीव पगार मिळाला.

पुढं वडिलांची नोकरी गेली, सगळं कुटुंब तिच्याकडं आलं. कल्याणला छोटी खोली. त्यातच बहीण आजारी पडली. औषधपाण्याला पैसे नव्हते, बहीण गेली. पगारात घर चालत नाही, आपला धंदा पाहिजे, हे तिथं पक्कं झालं. मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी योजनेतून ५० हजारांचं कर्ज काढलं. शिवणकाम होतंच, जोडीला फर्निचर विकायचा धंदा सुरू केला. कर्ज काढताना कुठं कुठं अडतं ते कळल्यावर आपल्यासारख्या बेरोजगार पोरांना योजना समजावून सांगायला एक संघटनाही काढली.

मग कल्याणमध्ये वादात अडकलेला एक प्लॉट घेतला. कोर्टकज्जे होते म्हणून तो स्वस्त होता. वाद सोडवले, भागीदार जोडून बांधकाम केलं. जिवे मारायच्या धमक्यासुद्धा आल्या. इथून बांधकामात नाव झालं आणि मग आले कमानी ट्यूब्ज या मुंबईच्या जुन्या कंपनीचे कामगार. ही कंपनी बुडाल्यावर सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं कामगारांच्या ताब्यात दिली होती, पण तिथंही भांडणं होऊन ती पुन्हा गाळात गेली होती. ११६ कोटींचं कर्ज, शंभराच्या वर खटले. कामगारांचे पगार थकलेले. कामगार म्हणाले, तुम्ही हातात घ्या.

११६ कोटी. आपल्याला ५ लाखांचं कर्ज म्हटलं की झोप उडते. या बाईनं काय केलं, तर तो आकडा फोडून पाहिला. त्यात मूळ मुद्दल किती, व्याज किती, दंड किती? पाहिल्यावर लक्षात आलं की मोठा भाग व्याज आणि दंडाचा आहे. मग बँकांशी बोलणी केली. कंपनी लिलावात गेली तर तुम्हालाही फार काही मिळणार नाही, त्यापेक्षा व्याज-दंड सोडा, मुद्दलाचं पाहू. बँकांनी बरंच सोडलं. २००६ मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या, पुढं कंपनी नफ्यात आली आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कोणी म्हणेल, ती कल्पना सरोज, आपण कुठं? खरं आहे. अशा शंभर जणी निघतात तेव्हा एक तिथवर जाते, बाकीच्यांची नावं आपल्याला माहीतही होत नाहीत. म्हणून तिच्यासारखं मोठं व्हा असं मी सांगणार नाही. तिनं दोन ठिकाणी जे केलं तेवढंच उचलायचं आहे. एक, रिकाम्या मशीनवर हात बसवून घेतला. दोन, घाबरवणारा आकडा फोडून पाहिला. या दोन्ही गोष्टी आपल्या गावात बसून करता येतात.

हात कुठं बसवायचा?

धंद्यात पैसे घालायच्या आधी ते काम दुसऱ्याच्या मशीनवर करून पाहा. आपल्याकडं याची सोय आहे, पण पोरं वापरत नाहीत. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, जिल्ह्याची अग्रणी बँक ती चालवते. शिवणकाम, दुग्धव्यवसाय, मोबाईल दुरुस्ती, खाद्यपदार्थ असे कोर्स, राहणं-जेवण धरून फुकट. दाल मिलचा विचार असेल तर अकोल्यातच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गावपातळीसाठी पीकेव्ही मिनी डाळ मिल तयार केली. जाऊन पाहा, प्रश्न विचारा. त्याहून चांगलं म्हणजे ज्याच्याकडं ती चालू आहे त्याच्याकडं हंगामात पंधरा दिवस मजुरीनं जा. तूर भिजवणं, तेल लावणं, वाळवणं, कधी डाळ फुटते, कधी टरफल निघत नाही, लाइट गेल्यावर काय होतं, हे सगळं तिथं कळतं. पंधरा दिवसांनंतर "माह्याच्यानं होईन का" याचं उत्तर हातच देतात. नाही जमत असं वाटलं तरी फायदाच झाला, पाच लाख वाचले.

आता आकडा फोडू

उदाहरण मिनी दाल मिलचंच घेतो. खालचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे भाव, मशीनचं कोटेशन अन् बँकेचा दर तुम्ही घालायचा.

समजा मशीन, मोटर, शेडची डागडुजी असं धरून प्रकल्प ५ लाखांचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख रुपये. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. म्हणजे तुमच्या खिशातून ५० हजार, बँकेचं कर्ज साडेचार लाख. अनुदान होतं १ लाख ७५ हजार. ते तुमच्या हातात रोख येत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं आणि तीन वर्षं कर्ज नियमित चाललं तर कर्जात वळतं होतं. बरेच जण इथंच फसतात. अनुदान मिळेल, त्यातून हप्ते भरू, असं धरून चालतात. तसं होत नाही. हप्ते थकले तर अनुदानही हातचं जातं.

अनुदान वजा केलं तर खरं ओझं २ लाख ७५ हजारांचं. ११ टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,९८० रुपये. पण बँकेनं हप्ता पूर्ण साडेचार लाखांवर बांधला तर तो ९,८०० च्या जवळ जातो. म्हणून सही करण्याआधी साहेबांना सरळ विचारा, हप्ता कोणत्या रकमेवर बांधला?

आपण ५,९८० धरू. वर्षाचे झाले जवळपास ७२ हजार. त्यात विमा, लाइटचा स्थिर आकार, किरकोळ दुरुस्ती असे २८ हजार धरा. एक लाख रुपये झाले. मिल चालो न चालो, हे एक लाख वर्षाला जाणारच.

आता एक गोम आहे. हप्ता येतो बारा महिने, पण तुरीची डाळ करायचं काम मुख्यतः तूर निघाल्यापासून पावसाळ्याआधीपर्यंत. साधारण शंभर दिवस धरा. म्हणजे वर्षाचे एक लाख त्या शंभर दिवसांत निघाले पाहिजेत. गावात सुरू होऊन बंद पडलेल्या मशीन पाहिल्या तर निम्म्या ठिकाणी ही गोम निघते. मशीन चांगली होती, पोरगा कष्टाळू होता, पण हप्त्याचं कॅलेंडर वेगळं आणि कामाचं वेगळं.

पहिल्या वर्षी तूर विकत घेऊन डाळ विकायच्या भानगडीत पडू नका. त्यात माल भरायला वेगळे पैसे लागतात, भाव पडला तर माल अंगावर येतो आणि अकोल्यातल्या मोठ्या दाल मिलशी भावात स्पर्धा करावी लागते. ती लढाई आपली नाही. लोकांची तूर भरडून द्या आणि भरडाई घ्या. समजा किलोमागं ८ रुपये घेतले, त्यातले ३ रुपये मजूर, लाइट, तेल अन् झिजेत गेले, हाती राहिले ५. एक लाख भरून काढायला २० हजार किलो, म्हणजे २०० क्विंटल तूर भरडावी लागेल. शंभर दिवसांत रोज दोन क्विंटल.

अन् तुमची मजुरी? ती धरायला आपण विसरतो. रोज ५०० प्रमाणे शंभर दिवसांचे ५० हजार. त्यासाठी आणखी १०० क्विंटल. एकूण ३०० क्विंटल, रोज तीन.

आता शेवटचा भागाकार. एका घरची वर्षाची तूर सरासरी ५० किलो भरडायला येते असं धरलं, तर ३०० क्विंटलला ६०० घरं लागतात.

पाहा, सुरुवातीचा प्रश्न काय होता? माह्याच्यानं होईन का? आता प्रश्न झाला, आपलं गाव अन् शेजारची तीन गावं मिळून भरडायला येणारी ६०० घरं आहेत का? हा मोजता येणारा प्रश्न आहे. वही घ्या आणि आठ दिवस घरोघर फिरा. सध्या डाळ कुठं करता, किती करता, किती देता, इथं आलात तर काय पाहिजे, असं विचारा. बायांना विचारा, कारण डाळ कशी पाहिजे हे त्यांनाच ठाऊक असतं. ७०० घरं निघाली तर पुढं व्हा. ३०० निघाली तर लहान मशीन पाहा, किंवा मूग, उडीद, हरभरा यांनी राहिलेले दिवस भरतात का ते पाहा. शंभरच निघाली तर हा धंदा सोडा अन् दुसरा हिशेब मांडा. त्यात लाज नाही. वहीवर बुडणं फुकट असतं.

शिवणकाम, पापड-मसाला, पिठाची गिरणी, मोबाईल दुरुस्ती, कोणताही धंदा याच वाटेनं तपासता येतो. वर्षाला न चुकणारा खर्च काढा, त्यात आपली मजुरी मिळवा, एका नगामागं किंवा किलोमागं हाती राहणाऱ्या पैशानं भागा. जे उत्तर येईल तेवढी गिऱ्हाइकं मोजून दाखवता आली पाहिजेत.

पैसे कुठून?

खाण्याच्या पदार्थांसाठी वरची योजना, ती कृषी विभागाकडं आहे. अर्जात मदत करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेले असतात. त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, तुम्ही त्यांना पैसे द्यायचं कारण नाही. फाईल करून देतो म्हणून दहा-वीस हजार मागणारा जो कोणी असेल तो दुसराच माणूस आहे.

इतर उद्योगांसाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. तो जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी मंडळामार्फत चालतो. उत्पादनाला ५० लाख, सेवा धंद्याला २० लाखांपर्यंत प्रकल्प. ग्रामीण भागात खुल्या गटातल्या पुरुषांना २५ टक्के अनुदान, अन् महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक यांना ३५ टक्के. या दुसऱ्या गटाला स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के लागतो. लहान रकमेसाठी मुद्रा कर्ज आहे, त्यातल्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत. हे अनुदान नाही, कर्जच आहे, हे ध्यानात ठेवा. महामंडळांच्या योजना वेगळ्या. महात्मा फुले महामंडळ, अण्णासाहेब पाटील महामंडळ, ज्याचं त्यानं पाहावं. नियम अन् लक्ष्यांक वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी चालू वर्षाचं विचारून घ्या.

तारणाबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत पाहिजे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बापाचं शेत पहिल्याच धंद्याला गहाण टाकू नका. या कर्जांना सरकारी हमी असते हे खरं, पण ती हमी बँकेला असते. धंदा बुडाला तर कर्ज तुमच्या नावावर राहतंच. त्यामुळं किती रक्कम बुडाली तरी घर चालेल, हे आधीच घरच्यांसोबत बसून ठरवा. माझ्या मते ही चर्चा बापापासून लपवून केलेला धंदा टिकत नाही. पहिल्या मंदीतच घरात भांडण उभं राहतं.

सिबिलचंही पाहून घ्या. मोबाईलचे थकलेले हप्ते, ॲपवरून घेतलेले पाच हजार, मित्राला दिलेली जामीनकी, या तीन गोष्टींनी आपल्या पोरांचा स्कोअर खराब झालेला असतो आणि बँकेत गेल्यावर कळतं. वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. अर्जाच्या सहा महिने आधी काढा, थकबाकी असेल तर भरून पूर्ण भरल्याचं पत्र घ्या.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, तिला सरकारी फी एक रुपयाही नाही. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवान्याची नोंदणी लागते, लहान धंद्याला ती वर्षाला १०० रुपयांत होते. सेतूवाला वेगळी मजुरी घेईल ती घेऊ द्या, पण सरकारी फी किती हे तुम्हाला ठाऊक असू द्या.

लोक काय म्हणतील, याचं काय?

म्हणतीलच. कल्पनाताईंना तर जिवावर उठेपर्यंत म्हणाले. पोरगी गिऱ्हाइकाशी बोलते, पदवीधर पोरगा गिरणीवर बसतो, अमुक जातीचा असून दुकान टाकतो, असे टोमणे आजही आहेत. यावर औषध नाही, पण एक व्यवहारी गोष्ट आहे. ज्यांच्याकडं ते ६०० घरांचं माप घ्यायला तुम्ही गेलात, त्यातल्या चाळीस-पन्नास जणांनी तरी "सुरू कर, आम्ही येतो" म्हटलेलं असतं. पारावरच्या चार जणांपेक्षा ती यादी मोठी असते. ती वही जपून ठेवा, बँकेतही दाखवा. साहेब प्रकल्प अहवाल रोज पाहतात, गिऱ्हाइकांच्या नावांची यादी क्वचित पाहतात.

बँकेत जाताना आधार, पॅन, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, मशीनचं कोटेशन, सहा महिन्यांचं खातं, शिक्षणाचा दाखला, लागत असेल तर जातीचा दाखला सोबत ठेवा. अर्ज दिला की शिक्क्याची पोच घ्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, ते देणं बँकेला बंधनकारक आहे. "नंतर या" हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. लेखी कारण मिळालं तर ते घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात किंवा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडं जाता येतं, दुरुस्ती करून अर्ज पुन्हा देता येतो. तोंडी नकाराचं काहीच करता येत नाही.